विहार अनेक, विनय एक

(केळझर येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आमचा आजचा विषय आहे समाजमाध्यमांच्या मालकीचा, म्हणजे ज्या मोबाईलवर आपण रात्रंदिवस बोलतो ते बोलणे कोणाच्या घरात चालते, याचा. विहारात हा विषय कशाला, असे काही ज्येष्ठ मंडळींना वाटेल. पण थोडा विचार करा. पौर्णिमेच्या वंदनेची वेळ, दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीची सूचना, कोणाच्या घरची दुःखद वार्ता, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, हे सारे पूर्वी पत्रकाने किंवा घरोघरी निरोप धाडून कळत असे. आज ते व्हॉट्सॲपच्या गटावर येते आणि कार्यक्रमाचे फोटो फेसबुकवर जातात. संस्थेचा संसारच तेथे गेला आहे.

आता तो वाडा कोणाचा? आपला नव्हे. भाडे द्यावे लागत नाही म्हणून तो आपलाच आहे असा समज झाला आहे, एवढेच. दार केव्हा उघडायचे, कोणाला आत घ्यायचे, कोणाचा आवाज पुढे न्यायचा आणि कोणाचा मागे ठेवायचा, हे मालक ठरवितो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही माध्यमे जगभर सुमारे सहा तास बंद पडली, कारण तिन्हींची मालकी एकाच कंपनीकडे आहे. एका ठिकाणी बिघाड झाला आणि जगातील कोट्यवधी माणसे एकाच वेळी मुकी झाली.

मुके होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिले पाक्षिक काढले तेव्हा त्याचे नावच 'मूकनायक' ठेवले. त्या काळी वर्तमानपत्रे पुष्कळ होती, पण ती दुसऱ्यांची होती. पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले म्हणून ते पत्र उभे राहिले. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९२८ साली 'समता', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' अशी ही परंपरा चालली. पैशाची चणचण सदैव असे आणि 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. तरीही त्यांनी आपले पत्र सोडून दुसऱ्याच्या पत्राच्या कृपेवर समाजाचा आवाज ठेवला नाही.

या पार्श्वभूमीवर २०१९ सालची घटना पाहू. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटर कंपनीने बंद केले. त्यांनी १९३६ सालचे एक प्रसिद्ध छायाचित्र लावले होते. हॅम्बुर्गच्या गोदीत शेकडो माणसे नाझी पद्धतीने हात उंचावून उभी आहेत आणि एकच कामगार हाताची घडी घालून उभा आहे, असे ते छायाचित्र. अन्यायाविरुद्धचे ते छायाचित्र कंपनीच्या नियमात द्वेषमूलक ठरले. त्याच सुमारास पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले आणि मोठ्या माणसांना मिळणारी निळी खूण देताना ट्विटर जातिभेद करते, असा आरोप दलित-बहुजन तरुणांनी जाहीरपणे केला. मुंबईतील कार्यालयासमोर निदर्शने झाली. आपले नियम सर्वांना सारखे आहेत, असे कंपनीने सांगितले. परंतु त्या दिवसांत आपल्या देशातील हजारो लोकांनी 'मास्टोडॉन' नावाच्या दुसऱ्या माध्यमावर खाती उघडली.

हे मास्टोडॉन २०१६ साली जर्मनीतील ऑयगेन रोश्को या तरुणाने तयार केले. त्याची रचना वेगळी आहे. ती समजण्यासाठी आपल्या टपालाचे उदाहरण घ्या. केळझरच्या पेटीत आपल्या देशाचे तिकीट लावून टाकलेले पत्र जपानमध्ये पोचते. जपानचे टपाल खाते आपल्या सरकारचे नाही, तरी ते पत्र पोचविते, कारण १८७४ साली स्थापन झालेल्या टपाल संघाचे नियम दोघांनी मान्य केले आहेत. ई-मेलचेही तसेच आहे. तुमचा पत्ता एका कंपनीचा, माझा दुसऱ्या कंपनीचा, तरी पत्र जाते. मास्टोडॉनमध्ये हीच पद्धत गप्पा, बातम्या आणि फोटो यांना लावली आहे. कोणतीही संस्था, महाविद्यालय किंवा मित्रमंडळ आपला स्वतःचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, मांडू शकते. आज आपण त्याला 'घर' म्हणू. लागणारी प्रणाली विनामूल्य आहे. प्रत्येक घराचे नियम त्या घराचे, पण एका घरातील माणूस दुसऱ्या घरातील माणसाशी बोलू शकतो, कारण सर्व घरांनी एक सामाईक भाषा मानली आहे. तिचे नाव 'ॲक्टिव्हिटीपब' आणि जागतिक वेब संघटनेने तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. अशा हजारो घरांचे मिळून जे जाळे होते त्याला आम्ही 'संघीय जाळे' म्हणतो.

याचे लाभ उघड आहेत. एक मालक सर्वांचे तोंड बंद करू शकत नाही. जाहिरातीसाठी माणसाला चिकटवून ठेवण्याची गरज नसल्याने भांडणाला मुद्दाम पुढे ढकलले जात नाही. एखादे घर द्वेष पसरवू लागले तर बाकीची घरे त्याच्याशी संबंध तोडू शकतात. २०१९ साली 'गॅब' हे द्वेषपूर्ण मजकुराबद्दल कुप्रसिद्ध असलेले अमेरिकन माध्यम या जाळ्यात शिरले, तेव्हा अनेक घरांनी आपली दारे त्याला बंद केली.

मग सर्व लोक तिकडे का गेले नाहीत? २०१९ साली गेलेले बरेच जण परत आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून पुन्हा लोंढा गेला, महिन्याकाठी वापर करणारे सुमारे २५ लाखांवर पोचले आणि पुढे निम्म्याहून कमी झाले. याची कारणे साधी आहेत. कोणते घर निवडावे हे नव्या माणसाला कळत नाही. आपली माणसे तेथे भेटत नाहीत. मराठीत समजावून सांगणारे कोणी नसते. माणूस माध्यमासाठी जात नाही, माणसांसाठी जातो. आपल्याच देशात तयार झालेले आणि देशी भाषांचा अभिमान सांगणारे 'कू' हे माध्यम २०२० साली निघाले आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद होत असल्याचे जाहीर झाले. मालक देशी असला तरी एकच असला म्हणजे काय होते, हे त्यावरून दिसले.

मित्रहो, अनेक घरे, एक मालक नाही, तरी सर्व मिळून एक, ही कल्पना युरोपातून आली असे आपल्याला वाटते. आपण बौद्धांनी असे वाटून घेण्याचे कारण नाही. मज्झिम निकायात गोपक मोग्गल्लान सुत्त आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतरचा तो प्रसंग आहे. मगधाचा महामंत्री वस्सकार भन्ते आनंदांना विचारतो की भगवंतांनी आपल्या मागे कोणा भिक्खूला प्रमुख नेमले आहे काय, किंवा संघाने कोणाला निवडले आहे काय. आनंद म्हणतात, नाही. मग तुमच्यात ऐक्य कशाने आहे? आनंद सांगतात की धम्म हाच आमचा आधार आहे. एका गावाच्या परिसरात राहणारे आम्ही सारे भिक्खू उपोसथाच्या दिवशी एकत्र येतो, पातिमोक्खाचे पठण होते आणि कोणाकडून दोष घडला असेल तर नियमानुसार त्याचा निवाडा होतो.

ही रचना नीट पाहा. प्रत्येक ठिकाणच्या संघाने आपली सीमा ठरवायची, त्या सीमेतील सर्वांनी जमायचे आणि आजारी असेल त्याने आपली संमती कळवायची. एका विहाराची दुसऱ्या विहारावर मालकी नाही. परंतु विनय सर्वत्र एक. म्हणून एका प्रदेशातला भिक्खू दुसऱ्या प्रदेशात गेला तरी परका होत नसे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी याच संघाच्या कार्यपद्धतीची आठवण दिली होती. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या आणि मतमोजणी यांचे नियम बौद्ध संघाला माहीत होते, असे त्यांनी देशाला सांगितले.

अफवांचा प्रश्नही संघापुढे होता. केंद्रच नाही, तर खरे काय आणि खोटे काय हे कोणी ठरवायचे? महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी चार महापदेश सांगितले आहेत. कोणी म्हणेल हे मी प्रत्यक्ष बुद्धाकडून ऐकले, कोणी म्हणेल अमुक विहारातील संघाकडून ऐकले, कोणी अनेक थेरांचे नाव सांगेल, कोणी एका थेराचे. ते लगेच स्वीकारू नका आणि लगेच धिक्कारूही नका. सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. आलेला निरोप न वाचता पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक बोटाला हा उपदेश लागू आहे.

येथपर्यंत ऐकून विद्यार्थी म्हणतील की विकेंद्रीकरण झाले म्हणजे प्रश्न सुटला. आम्हाला नेमके येथेच थांबून सावध करावयाचे आहे. आपण वर्धा जिल्ह्यात राहतो. येथून सेवाग्राम फार दूर नाही. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले आणि प्रत्येक गाव हे एक संपूर्ण गणराज्य व्हावे, ही कल्पना त्यांनी १९४२ साली 'हरिजन'मध्ये मांडली. विकेंद्रीकरणाचा याहून मोठा पुरस्कार कोणता? पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी गावाचे हे गुणगान साफ नाकारले. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर म्हणजे गाव, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मसुद्याने गाव टाकून व्यक्तीला एकक मानले, याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. गावाबाहेरच्या वस्तीला दिल्लीचा बादशहा कधी दिसला नाही. तिला रोज दिसत होता तो गावचा पाणवठा. म्हणून सत्ता दूर असली की वाईट आणि जवळ आली की चांगली, हा हिशेब आपल्या अनुभवाशी जुळत नाही.

संघीय जाळ्यातील प्रत्येक घर हे असेच एक गाव आहे आणि त्याचा चालक हा त्या गावचा पाटील आहे. तो सज्जन असेल तर ठीक, नसेल तर दाद मागायची कोठे? अमेरिकेत 'प्लेव्हिशस' नावाचे कृष्णवर्णीयांनी चालविलेले घर या जाळ्यात होते. बाहेरून होणाऱ्या छळामुळे ते २०२० साली बंद पडले. २०२२ साली तिकडे गेलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी अनुभव सांगितला की वर्णभेदाविषयी लिहिले की शेजारची मंडळी म्हणत, हे झाकून लिहा, वाचणाऱ्यांना त्रास होतो. मालक बदलला तरी मन बदलत नाही, हे यातून दिसते. आपल्याकडे तर अपमान आडमार्गाने येतो. "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न परदेशातील चालकाला साधी चौकशी वाटेल. तो का विचारला गेला हे येथे बसलेल्या प्रत्येकाला कळते. ज्याला हे कळत नाही त्याच्या हाती घराची किल्ली असेल तर तक्रार ऐकून घेणारा असूनही नसल्यासारखाच.

दुसरी अडचण श्रमाची आणि पैशाची आहे. विनामूल्य प्रणाली मिळाली तरी संगणक, वीज, देखभाल आणि रात्री-अपरात्री आलेल्या तक्रारींचा निवाडा विनामूल्य होत नाही. 'मास्टोडॉन डॉट लोल' नावाचे हजारो लोकांचे घर त्याच्या एकट्या चालकाने भांडणांना कंटाळून २०२३ साली बंद केले. लोकांना घर बदलण्यास तीन महिन्यांची मुदत मिळाली, पण या प्रणालीत घर बदलले की आपल्याला ऐकणारी माणसे सोबत येतात आणि जुने लेखन मात्र मागे राहते. आपल्या देशातील कायद्याचीही जबाबदारी आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे असे माध्यम चालविणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव प्रसिद्ध करावे लागते.

मग मार्ग कोणता? आमच्या मते कोणत्याही माध्यमाची पारख तीन कसोट्यांवर करावी.

पहिली कसोटी विनयाची. नियम लिहिलेले आहेत काय, सर्वांना सारखे आहेत काय आणि चालकालाही लागू आहेत काय? संघात कोणाला दूर करावयाचे तर आधी दोष सांगावा लागे, त्याचे म्हणणे ऐकावे लागे, संघापुढे ज्ञप्ती मांडावी लागे. एका माणसाच्या रागावर कोणाला काढता येत नसे.

दुसरी कसोटी बाहेर पडण्याची. माणसाला आपले पात्र-चीवर घेऊन दुसऱ्या विहारात जाता येते काय? मोबाईलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये झाली आणि कंपन्यांना ग्राहकाची कदर करावी लागली. समाजमाध्यमातही आपली ओळख, आपले लेखन आणि आपली माणसे घेऊन निघता आले पाहिजे. व्यक्ती हे एकक मानणे म्हणजे हेच.

तिसरी कसोटी दानाची. कोसंबीच्या भिक्खूंचे क्षुल्लक कारणावरून भांडण झाले, दोन तट पडले, खुद्द भगवंतांचे त्यांनी ऐकले नाही. तेव्हा भगवंत तेथून निघून गेले. शेवटी कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. मग ते श्रावस्तीला भगवंतांकडे गेले आणि भांडण मिटले. उपासकांच्या हाती ती शक्ती होती, कारण संघ त्यांच्या दानावर चालत होता. मोठ्या कंपनीचे दायक आपण नाही, जाहिरातदार आहेत. म्हणून आपल्या रुसण्याला तेथे किंमत नाही. ज्या घराचा खर्च आपण देऊ त्या घरात आपला शब्द चालेल. आणि जे आपण देणार नाही, ते फार दिवस आपले राहणार नाही.

शेवटी संस्थेने काय करावे, ते थोडक्यात सांगतो. सभासदांची यादी, सभांची इतिवृत्ते आणि जुने फोटो केवळ कोणा कंपनीच्या पानावर ठेवू नयेत. एक प्रत कागदावर, एक संस्थेच्या स्वतःच्या साठ्यात आणि एक दुसऱ्या गावच्या विहारात असावी. आज जो मोबाईलचा गट आहे त्याचेही लेखी नियम करावे, चालक ठरावीक मुदतीने बदलावा आणि कोणाला काढण्याआधी कारण सांगावे. विनयाची सवय येथे लागली तर पुढचे घर टिकेल.

विद्यार्थ्यांनी ही प्रणाली शिकून घ्यावी. एका संस्थेला तो भार पेलणार नाही. सेलू तालुक्यातील आणि जिल्ह्यातील चार-पाच संस्थांनी मिळून एक घर मांडावे, किमान तीन चालक असावेत, त्यांत मुली असाव्यात, खर्चाचा हिशेब दरवर्षी सभेपुढे ठेवावा. तोवर मोठी माध्यमे सोडू नयेत, कारण धम्माचा विचार माणसे असतील तेथे न्यावयाचा आहे. फक्त मूळ प्रत आपल्या घरी असावी आणि नक्कल त्यांच्या वाड्यात. आज याच्या उलट चालले आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला मुके राहू दिले नाही आणि गावाच्या दयेवरही सोडले नाही. स्वतःचा आवाज आणि सर्वांना सारखा नियम, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. नव्या माध्यमांकडूनही आपण दोन्ही एकत्रच मागू, आणि त्यासाठी लागणारे श्रम व दान देण्यास तयार राहू.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय भारत!